निफाडचा पारा आणि अडलेला कोड: लायब्ररी आणि वेब रिक्वेस्टच्या चुका कशा शोधायच्या

डिसेंबरात एका संध्याकाळी भाच्याचा निफाडहून फोन आला. "मामा, चालत नाहीये."

"काय चालत नाहीये?"

"काहीच."

त्यांची द्राक्षबाग आहे. निफाडचा पारा थंडीत किती खाली जातो ते नाशिककरांना सांगायला नको. पारा फार उतरला की मणी तडकतात, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, ड्रिप सुरू करावं लागतं. रात्रीचं किमान तापमान संध्याकाळीच कळावं आणि पारा ६ अंशांखाली जाणार असेल तर आईच्या फोनवर मेसेज यावा, एवढा छोटा प्रोग्रॅम भाचा पायथनमध्ये लिहीत होता. हवामानाचे आकडे ओपन-मीटिओकडून घ्यायचे ठरवलं होतं. तिथे बिगर-व्यावसायिक वापराला नोंदणी लागत नाही, की, म्हणजे ओळख पटवणारी गुप्त अक्षरंसुद्धा लागत नाहीत, त्यामुळे शिकणाऱ्याला बरं पडतं.

फोन येईपर्यंत त्याने पायथन तीनदा काढून पुन्हा टाकलं होतं, इंटरनेटवरून पाच उपाय उचलून चिकटवले होते आणि मूळ अडचण कोणती होती तेच विसरला होता. नव्याने शिकणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. उपाय सगळ्यांकडे असतात, पण गाडी कुठे अडली आहे ते कुणी बघत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या एका प्रश्नाभोवती आहेत: अडचण आपल्या मशीनवर आहे, वाटेत आहे, की समोरच्या सर्व्हरच्या दारात? हे कळेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

(कमांड आणि कोडमधले शब्द मी फोनवर सांगतो तसे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते अर्थातच इंग्रजीत करायचे.)

पायरी १: एरर खालून वर वाचा

भाच्याने स्क्रीनचा फोटो पाठवला. लाल अक्षरांच्या तीस ओळी होत्या आणि नेमकी शेवटची ओळ कापलेली. पायथनच्या ट्रेसबॅकमध्ये कामाची पहिली ओळ तीच असते. तिथे एररचा प्रकार आणि कारण लिहिलेलं असतं. ती वाचून झाली की तिथून वर चढत जायचं. मधल्या ओळींत लायब्ररीच्या आतल्या फायली असतात, त्या सोडून द्या. आपल्या स्वतःच्या फाइलचं नाव जिथे दिसेल तिथे थांबा. शेजारी ओळ क्रमांक दिलेला असतो. बहुतेक वेळा पाणी तिथेच मुरत असतं.

दुसऱ्याला विचारायचं असेल तर फोटो पाठवू नका, मजकूर कॉपी करून पाठवा. म्हणजे समोरचा तो शोधू शकतो. पाठवण्याआधी त्यात एखादी की किंवा पासवर्ड तर नाही ना, तेवढं पाहा.

आणखी एक. बदल केल्यावर एरर गेला नाही पण वेगळा आला, तर वैतागू नका. वेगळा एरर म्हणजे गाडी एक स्टेशन पुढे गेली. मात्र एका वेळी एकच बदल करा. तीन बदल एकदम केले तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

पायरी २: "मॉड्यूल सापडलं नाही"

शेवटच्या ओळीत मॉड्यूल-नॉट-फाउंड-एरर दिसला तर प्रश्न इंटरनेटचा नाही. रिक्वेस्ट घराबाहेरच पडलेली नाही. इथे चार शक्यता असतात, मी त्या याच क्रमाने तपासतो.

पहिली, आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारी: मशीनवर दोन पायथन आहेत. पिपने, म्हणजे लायब्ररी बसवणाऱ्या साधनाने, लायब्ररी एकात टाकली आणि कोड दुसऱ्यात चालतोय. भाच्याने तीनदा इन्स्टॉल केल्यावर तर हे होणारच होतं. कोडच्या वर इम्पोर्ट सिस लिहून सिस डॉट एक्झिक्यूटेबल प्रिंट करा. कोणतं पायथन चालतंय त्याचा पूर्ण पत्ता मिळेल. त्यानंतर नुसतं "पिप इन्स्टॉल" न म्हणता "पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स" म्हणा (रिक्वेस्ट्स ही पायथनमधून वेब रिक्वेस्ट पाठवायची लायब्ररी). म्हणजे जे पायथन ही कमांड चालवतंय त्याच्याच घरात सामान पडतं. विंडोजवर "पीवाय डॅश शून्य" टाकलं की कोणकोणती पायथन बसलेली आहेत त्यांची यादी येते. व्हीएस कोड वापरत असाल तर खालच्या पट्टीत उजवीकडे कोणता इंटरप्रिटर निवडलाय तेही बघा. टर्मिनलमध्ये एक आणि एडिटरमध्ये दुसरा, असं सर्रास असतं.

दुसरी: इन्स्टॉल करायचं नाव एक आणि इम्पोर्ट करायचं नाव दुसरं. ब्यूटिफुलसूप४ टाकायचं, पण इम्पोर्ट बीएस४ करायचं. ओपनसीव्ही-पायथन टाकायचं, इम्पोर्ट सीव्ही२. पिलो टाकायचं, इम्पोर्ट पीआयएल. सायकिट-लर्न टाकायचं, इम्पोर्ट एसकेलर्न. यात तर्क शोधत बसू नका, लायब्ररीच्या पानावर पहिल्याच परिच्छेदात दोन्ही नावं असतात. अंदाजाने नाव टाकून पिप चालवू मात्र नका. प्रसिद्ध लायब्ररींच्या नावात एखादं अक्षर इकडे-तिकडे करून घातक पॅकेज पायपीआयवर, म्हणजे पिप जिथून लायब्ररी आणतं त्या भांडारावर, चढवणारे लोक आहेत. स्पेलिंग चुकलं की त्यांचं फावतं.

तिसरी शक्यता सापडली की हसू येतं. सापडेपर्यंत मात्र रडू. भाच्याने स्वतःच्या फाइलला नाव दिलं होतं रिक्वेस्ट्स डॉट पीवाय. पायथन आधी आपल्याच फोल्डरमध्ये शोधतं. त्याला ही फाइल मिळाली आणि खरी लायब्ररी बाजूलाच राहिली. अशा वेळी एरर येतो तो "मॉड्यूल अर्धवट तयार झालंय, त्यात गेट नाही" अशा अर्थाचा, आणि त्यात सर्क्युलर इम्पोर्टचा उल्लेख असतो. वाचणारा भलतीकडेच शोधायला लागतो. शंका आली तर रिक्वेस्ट्स लिहून डॉट, दोन अंडरस्कोर, फाइल, दोन अंडरस्कोर असं प्रिंट करा. उत्तरात स्वतःचं फोल्डर दिसलं की चोर सापडला. फाइलचं नाव बदला, जुनी पायकॅश फोल्डर असेल तर तीही काढा. जेसन, ईमेल, टाइम, रँडम ही नावंसुद्धा फायलींना देऊ नका.

चौथी: लायब्ररी बसतच नाही. उबुंटूच्या २३.०४ पासूनच्या आवृत्त्यांत किंवा डेबियन १२ मध्ये पिप थेट चालवलं तर "हे पायथन बाहेरून सांभाळलं जातं" अशा अर्थाचा नकार येतो. नकार बरोबरच आहे. सिस्टिमचं पायथन सिस्टिमच्या कामासाठी असतं. विंडोजवर "व्हिज्युअल सी++ १४.० किंवा त्यापुढचं हवं" असा एरर आला तर अनेकदा कारण इतकंच असतं की पायथनची आवृत्ती अगदी नवी आहे आणि त्या लायब्ररीचं तयार पॅकेज, ज्याला व्हील म्हणतात, अजून आलेलं नाही. मग पिप ते मुळापासून बांधायला जातं आणि अडकतं. भली मोठी कंपायलर साधनं उतरवण्याआधी एक पायरी जुनं पायथन वापरून बघा.

या सगळ्या गोंधळावर एक सवय लावून घ्या: प्रत्येक प्रोजेक्टला स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन आणि त्याच्या लायब्ररी. "पायथन डॅश एम व्हेन्व्ह डॉट-व्हेन्व्ह" म्हटलं की फोल्डर तयार होतं. ते सुरू करायला विंडोजवर डॉट-व्हेन्व्हमधल्या स्क्रिप्ट्सच्या आतलं ॲक्टिव्हेट, लिनक्स-मॅकवर "सोर्स डॉट-व्हेन्व्ह स्लॅश बिन स्लॅश ॲक्टिव्हेट". बिघडलं तर फोल्डर पुसून दोन मिनिटांत नवं करता येतं. भाच्याने पायथन तीनदा काढलं त्याऐवजी हे एकदा केलं असतं तर संध्याकाळ वाचली असती.

पायरी ३: लायब्ररी आहे, पण तिच्यात ते फंक्शन नाही

ॲट्रिब्यूट-एरर आला आणि तुम्ही कोड जुन्या व्हिडिओवरून उतरवला असेल, तर आवृत्ती बघा. "पिप शो" आणि लायब्ररीचं नाव टाकलं की कळते. पांडाज ही तक्त्यांसाठीची लायब्ररी हे ठळक उदाहरण. डेटाफ्रेमचं (तिथल्या तक्त्याचं) ॲपेंड एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत काढून टाकलं. त्याआधीच्या असंख्य धड्यांत मात्र ते अजून आहेच. तिथे कॉन्कॅट वापरायचं. कोड चालायला लागला की "पिप फ्रीझ"चं उत्तर रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटीमध्ये ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी किंवा दुसऱ्या लॅपटॉपवर हेच नाटक पुन्हा नको.

पायरी ४: वाट मोकळी आहे का?

आता रिक्वेस्ट घराबाहेर पडतेय. कोडमध्ये काही बदलण्याआधी तोच यूआरएल ब्राउझरमध्ये उघडा. तिथेही उघडला नाही तर कोडचा दोष नसण्याचीच शक्यता जास्त.

"गेट-ॲड्रेस-इन्फो फेल्ड" किंवा "नाव माहीत नाही" असं आलं तर त्या नावाचा पत्ताच मिळालेला नाही. नेट बंद आहे किंवा नावात चूक आहे. "कनेक्शन रिफ्यूज्ड" वेगळं. मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर ऐकायला कुणी बसलेलं नाही. स्वतःच्याच लॅपटॉपवर सर्व्हर लिहीत असाल तर तो सुरू करायला विसरला आहात, किंवा पोर्ट ५००० ऐवजी ८००० आहे.

टाइमआउटवर जरा थांबतो. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत वेळेची मर्यादा आपण दिली नाही तर ती नसतेच. सर्व्हर गप्प बसला तर आपला प्रोग्रॅमही गप्प बसून राहतो. एरर नाही, काही नाही. नवशिका समजतो हँग झालं. म्हणून प्रत्येक गेट आणि पोस्टमध्ये टाइमआउट बरोबर १० असं लिहाच.

यातली खरी मेख अशी की टाइमआउट म्हणजे काम झालं नाही असं नव्हे. उत्तर आपल्यापर्यंत आलं नाही, एवढंच. भाच्याने मेसेज पाठवायची रिक्वेस्ट लूपमध्ये घातली होती: टाइमआउट झाला की पुन्हा पाठव. त्या रात्री निफाडला नेट रडत होतं. मेसेज जात होता, पोच परत येत नव्हती. माझ्या बहिणीला एकच मेसेज सात वेळा आला, आणि मग मला तिचा एक फोन आला. माहिती मागणारी रिक्वेस्ट पुन्हा पाठवायला हरकत नाही. पण काही घडवणारी, म्हणजे मेसेज पाठवणारी, पैसे कापणारी, नोंद करणारी रिक्वेस्ट आंधळेपणाने पुन्हा पाठवायची नाही. "आजचा मेसेज गेला" अशी खूण आधी कुठेतरी लिहून ठेवायची.

एसएसएल सर्टिफिकेटचा एरर आला तर पहिल्यांदा लॅपटॉपची तारीख बघा. घड्याळ मागे-पुढे असेल तर चांगलं सर्टिफिकेटही बाद ठरतं. घरच्या नेटवर चालतं आणि कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या नेटवर चालत नाही, असं असेल तर मधला प्रॉक्सी स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करत असतो. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा, लगेच खात्री होईल. "व्हेरिफाय फॉल्स लिही" हा सल्ला जिकडे-तिकडे मिळतो. एरर जातो खरा, पण समोर कोण बसलंय हे तपासणंच बंद होतं. की किंवा पासवर्ड जात असेल तिथे तर हे अजिबात नको.

पायरी ५: दारातून काय उत्तर आलं?

सर्व्हरपर्यंत पोचलात तर तीन अंकी स्टेटस कोड मिळतोच. माझा नियम असा की अडलं की लगेच तीन गोष्टी प्रिंट करायच्या: रिस्पॉन्सचा स्टेटस कोड, रिस्पॉन्सचा यूआरएल आणि रिस्पॉन्सच्या मजकुराची पहिली ५०० अक्षरं. निम्म्या अडचणी इथेच उघड्या पडतात. रिक्वेस्ट्स लायब्ररी ४०४ आला तरी स्वतःहून ओरडत नाही, कोड निवांत पुढे जातो आणि दहा ओळींनंतर भलत्याच जागी पडतो. त्यामुळे उत्तर आल्या आल्या "रेझ फॉर स्टेटस" बोलवा.

४०० म्हणजे तुमची मागणीच चुकीची आहे. मजकूर वाचा, चांगला सर्व्हर त्यात कारण देतो. भाच्याने किमान तापमानाच्या नावात शब्द उलटसुलट लिहिले होते. ओपन-मीटिओच्या उत्तरात "रीझन" या खान्यात कोणतं नाव कळलं नाही ते चक्क लिहिलेलं होतं. त्याने फक्त ४०० बघितलं आणि लायब्ररी बदलायला निघाला.

४०१ म्हणजे ओळख पटली नाही. की चुकली, संपली किंवा हेडरमध्ये "बेअरर" हा शब्द राहिला. कॉपी करताना मागे चिकटून आलेली रिकामी जागा हे कारण मी इतक्यांदा पाहिलंय की आता आधी तेच विचारतो. ४०३ म्हणजे ओळखलं, पण परवानगी नाही. कधी कधी सर्व्हर पायथनचा युजर-एजंट (रिक्वेस्ट कोण पाठवतंय ती ओळख) बघूनही दार लावतो. तिथे ब्राउझरचं सोंग घेण्याआधी त्या साइटच्या अटी आणि रोबोट्स डॉट टीएक्सटी वाचा. अधिकृत एपीआय (प्रोग्रॅमसाठीच ठेवलेलं दार) असेल तर तोच वापरा.

४०४ला यूआरएल अक्षर-अक्षर तपासा. ४०५ म्हणजे गेट आणि पोस्टची अदलाबदल. ४१५ किंवा ४२२ आला तर बहुधा सर्व्हरला जेसन (डेटा मजकुरात लिहायची एक पद्धत) हवं होतं आणि तुम्ही फॉर्मसारखा डेटा पाठवलात. रिक्वेस्ट्समध्ये "डेटा बरोबर" लिहिलं की फॉर्म जातो, "जेसन बरोबर" लिहिलं की जेसन जातं आणि योग्य हेडरही लागतो.

४२९ म्हणजे फार वेळा आलात, थांबा. किती थांबायचं ते अनेकदा "रिट्राय-आफ्टर" हेडरमध्ये असतं. नसेल तर १ सेकंद, मग २, मग ४, मग ८ असं अंतर वाढवत जा आणि चार-पाच प्रयत्नांनंतर सोडून द्या. मुळात निफाडचं किमान तापमान मिनिटाला विचारायची गरजच काय? आलेलं उत्तर फाइलमध्ये ठेवा आणि तासाभराने पुन्हा विचारा.

५००, ५०२, ५०३, ५०४ हे समोरच्या बाजूचे. थोड्या वेळाने पुन्हा बघा. अपवाद एकच: तुमच्याच विचित्र डेटामुळे समोरचा कोड कोसळत असेल तर दरवेळी ५०० येईल. साधी, लहान मागणी पाठवून बघा.

जावास्क्रिप्टवाल्यांसाठी इथेच एक ओळ. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये कॉर्सचा (एका साइटच्या पानाने दुसऱ्या साइटचा डेटा घेण्यावरच्या बंधनाचा) एरर येतो आणि तोच यूआरएल पोस्टमन या रिक्वेस्ट पाठवून बघायच्या ॲपमध्ये व्यवस्थित चालतो, तर हे बंधन ब्राउझरचं आहे, परवानगी सर्व्हरने द्यायची असते. तुमच्या पानात कितीही खटपट करून ते सुटणार नाही. स्वतःच्या सर्व्हरमार्फत मागवा.

पायरी ६: २०० आला, तरी गडबड

जेसन वाचताना "ओळ १, कॉलम १, काहीतरी अपेक्षित होतं" असा एरर आला तर पहिल्या अक्षरालाच ठेच लागली आहे. आलेलं उत्तर जेसनच नाही. ते रिकामं असेल किंवा एखादं एचटीएमएल पान असेल. हॉटेलच्या, स्टँडवरच्या फुकट वायफायवर हे होऊ शकतं. लॉगिन केलेलं नसतं, मधला राउटर तुमच्या मागणीला स्वतःचं लॉगिन पान देतो, तेही २०० कोडसह. मजकुराची पहिली ५०० अक्षरं प्रिंट करायची ती यासाठीच.

की-एरर आला तर आधी पूर्ण उत्तर डोळ्यांनी बघा. आकडे "डेली"च्या आत आहेत की थेट बाहेर, यादी आहे की एकच किंमत, हे अंदाजाने ठरत नाही.

सगळ्यात फसव्या चुकांना मात्र एररच नसतो. भाच्याचा कोड एकदाचा चालला आणि निफाडचा पारा शून्याच्याही खाली दाखवायला लागला. घरात पाच मिनिटं चिंता पसरली. त्याने अक्षांश-रेखांशांची अदलाबदल केली होती. निफाड साधारण २०.०८ उत्तर, ७४.११ पूर्व. उलटं केलं की तुम्ही नॉर्वेच्याही उत्तरेला, आर्क्टिकच्या समुद्रात पोचता. तिथलं उत्तर बरोबरच होतं.

दुसरी फसवणूक वेळेची. टाइमझोन सांगितला नाही तर ओपन-मीटिओ तासवार आकडे ग्रीनिच वेळेत देतं, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. पहाटे साडेसहाची कडाक्याची थंडी यादीत रात्री एकच्या खान्यात दिसते. यूआरएलमध्ये टाइमझोन म्हणून एशिया स्लॅश कोलकाता घाला.

तिसरी आपल्या लिपीची. एखाद्या साइटवरचा मराठी मजकूर चित्रविचित्र चिन्हांत दिसला तर सर्व्हरने कॅरेक्टर सेट सांगितलेला नाही आणि रिक्वेस्ट्सने तो आयएसओ-८८५९-१ धरलाय. मजकूर वाचण्याआधी रिस्पॉन्सचं एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. विंडोजवर फाइलमध्ये मराठी लिहिताना "चारमॅप" एरर आला तर ओपनमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या. तीच सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडायची असेल तर यूटीएफ-८-सिग द्या. आणि जेसन लिहिताना मराठीऐवजी बॅकस्लॅश-यू आणि आकडे आले तर डेटा बिघडलेला नाही, "एन्शुअर आस्की फॉल्स" लिहिलं की देवनागरी दिसेल.

पायरी ७: हाताने चालतं, शेड्यूलरने नाही

हा भाच्याचा शेवटचा फोन होता. टास्क शेड्यूलर (ठरल्या वेळी प्रोग्रॅम सुरू करणारं विंडोजचं साधन) कोड चालवतो तेव्हा तो तुमच्या फोल्डरमध्ये उभा नसतो आणि तुमचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटही सुरू नसतं. त्यामुळे पायरी २ चा एरर नव्याने भेटतो. पायथनचा आणि फायलींचा पूर्ण पत्ता द्या: डॉट-व्हेन्व्हच्या आतलं पायथन, त्यापुढे कोडची फाइल, आणि "स्टार्ट इन"मध्ये फोल्डर. प्रिंट केलेलं तिथे कुणी वाचत नाही, म्हणून सगळं एका लॉग फाइलमध्ये जाऊ द्या.

आता रोज संध्याकाळी सातला प्रोग्रॅम चालतो. पहिल्या आठवड्यात लक्षात आलं की अंदाज साडेसात अंश असतो तेव्हा बागेतल्या थर्मामीटरवर पाच भरतात. बाग नदीकाठच्या खोलगट जागी आहे, थंड हवा तिथे साचते, आणि हवामानाचं मॉडेल काही किलोमीटरचा चौकोन धरून आकडा काढतं. भाच्याने कोडमधला ६ काढून ८ केला. आई मात्र अजून मेसेज वाचून झाल्यावर बॅटरी घेऊन थर्मामीटर बघायला जाते.